मोडींत निघालेली मोटार

एखादी रूढि, एखादें यंत्र, क्वचित् एखादा मनुष्यसुद्धां ‘मोडींत निघाला’ असें आपण सहज बोलून जातों. परंतु या शब्दप्रयोगाचें मूळ आतां घरांतील तरुण मुलांस समजावून सांगावें लागतें. बूड गेलेलें पातेलें, चेपलेली कळशी, कड फाटलेली परात अशीं तांब्यापितळेचीं भांडीं तांबटाच्या दुकानीं नेलीं म्हणजे तो तीं वजनावर घेई. या जुन्या धातूस ‘मोड’ म्हणतात. मोडीचा भाव नव्या भांड्याहून उतरता, आणि त्यांतूनहि डाख, कल्हई व मळ यांबद्दलची घट वजा. ही घट किती धरावी यावरून आमच्या लहानपणीं दुकानांत अर्धा अर्धा तास घासाघीस चाले, आणि घरच्या वडील मंडळींस ती तांबटाची लबाडीच वाटे. वस्तुतः त्यांत शास्त्र होतें. डाखांतील कथील व शिसें तांब्याच्या रसांत एकदां उतरलें म्हणजे तांबटाच्या मुशींतून तें परत वेगळें निघत नाहीं. म्हणून तो त्याचा हिशेब आधींच करून ठेवी.

हल्लींच्या सुशिक्षित घरांतून सर्वांत मोठी मोड निघते ती मोटारीची. तिचा विचार मात्र त्या परातीइतकाहि कोणी करीत नाहीं. अंगणांत चारसहा पावसाळे उभी राहिलेली गाडी एके दिवशीं कोणी भंगारवाला दोरानें ओढून नेतो, हातावर कांहीं हजार रुपये ठेवतो, आणि तुळशीपुढली जागा मोकळी झाली म्हणून घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढें तिचें काय होतें, आणि निरनिराळ्या देशांत तिचें काय करतात, हा विषय या महिन्यांत आम्हीं मुद्दाम घेतला आहे. कारण असल्या लोखंडाची फार मोठी पेठ आमच्याच जिल्ह्यांत आहे.

जालना म्हटलें कीं जुन्या लोकांस ‘सोन्याचा पालना’ आठवतो, आणि नव्यांस बियाणें व पोलादी सळया. 1981 च्या 1 मे रोजीं स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यांत लोहखनिज नाहीं, दगडी कोळसा नाहीं, आणि मुंबईचें बंदर जवळजवळ चारशें किलोमीटर दूर. काळ्या दगडाच्या या पठारावर पोलादाचे एवढे कारखाने उभे राहिले ते मुख्यतः मोडीच्या बळावर. गांवोगांवचें भंगार, परदेशांतून जवाहरलाल नेहरू बंदरांत उतरणारें भंगार, आणि त्याच्या जोडीस ‘स्पंज आयर्न’ या नांवानें ओळखलें जाणारें सच्छिद्र लोखंड, हीं सर्व विजेच्या प्रवर्तन-भट्टींत सुमारें 1,600 अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळवितात. रस ओतून त्याचे लांबट ठोकळे पाडतात. ते तापलेले असतांना लाटून सळया काढतात आणि पाण्याच्या फवाऱ्यानें त्या एकदम निववितात. आपल्या घराच्या छपरांत व खांबांत जी ‘टी.एम.टी.’ सळई असते, ती हीच. पोलादधंद्याच्या जागतिक संघटनेच्या हिशेबाप्रमाणें एक टन भंगार वापरलें कीं 1.4 टन लोहखनिज आणि 740 किलो कोळसा वांचतो. तेव्हां जुन्याचें नवें करणारा हा धंदा निंद्य तर नव्हेच, उलट पृथ्वीचें पोट कमी उकरावयास लावणारा आहे.

पण प्रवर्तन-भट्टीचा एक स्वभाव वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. ती वितळविते; शोधन फारसें करीत नाहीं. खनिजापासून पोलाद करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत रसांतून प्राणवायु सोडून नको असलेलीं पुष्कळ द्रव्यें जाळून काढतां येतात. येथें बहुतेक जें आंत टाकावें, तेंच बाहेर यावयाचें. म्हणून सळयांच्या भारतीय मानकांत, ज्याचा क्रमांक 1786 आहे, गंधक व स्फुरद यांची कमाल मर्यादा आंखून दिली आहे. साध्या ‘500’ प्रतीच्या सळईंत प्रत्येकीं शेंकडा 0.055, आणि ‘500 डी’ प्रतींत 0.040. घर बांधणाऱ्या यजमानानें भाव विचारतांना हीं अक्षरें अवश्य विचारावीं.

तांब्याची गोष्ट याहून निराळी आहे. तांबें हें लोखंडापेक्षां कमी जळतें, आणि म्हणून पोलादाच्या कोणत्याहि भट्टींत, लहान असो वा मोठी, तें जाळून काढतां येत नाहीं. ठोकळा तापला कीं पृष्ठभागावरील लोखंड जळून त्याची पापडी होते. तांबें मात्र मागें राहतें, पापडीखालीं सांचतें, वितळून पोलादाच्या कणांमध्यें शिरतें, आणि ठोकळा लाटतांना पृष्ठभागास चिरा पाडतें. एकदां रसांत पडलेलें तांबें त्या लोखंडाबरोबर जन्मोजन्मीं राहतें. पुढल्या पन्नास वर्षांनीं ती सळई पुन्हां भट्टींत गेली तरी तें तेथेंच. आणि मोटारींत तांबें असतें तरी किती! दिव्यांच्या व भोंग्याच्या तारा, चाकांस गति देणारी लहानमोठी यंत्रें, काचा वरखालीं करणारी यंत्रें. नव्या गाडींत तर तारांचें जाळें एखाद्या शरीरांतील शिरांप्रमाणें पसरलेलें असतें. त्या शिरा आधीं उपसून काढल्या तर तांब्याचें तांबें मिळतें आणि पोलाद शुद्ध राहतें. न काढतां गाडी दाबून तिचा गठ्ठा भट्टींत लोटला तर दोन्ही धातु नासतात. तांबटाची घट ती हीच.

तारांखेरीज मोटारींत आणखी पुष्कळ कांहीं असतें. बॅटरींत शिसें व गंधकाचें तेजाब. इंजिनांत तीनचार लिटर काळें तेल. थंड हवेच्या यंत्रांत भरलेला वायु, जो अंगारवायूपेक्षां हवा तापविण्यांत सुमारें चौदाशें पट भारी असतो. अपघातांत फुगणाऱ्या पिशव्यांच्या मुळाशीं स्फोटक द्रव्य. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत जाड लोखंडी टांकी, जी रिकामी दिसली तरी रिकामी असतेच असें नाहीं. धूर शुद्ध करणाऱ्या डब्यांत प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या सोन्याच्या पंक्तींत बसणाऱ्या धातु. आणि त्याच गाडींत गाद्यांचा स्पंज, रबर, कांच, प्लॅस्टिक, ज्यांस कोणी कवडीहि देत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत एका परिचित गृहस्थांबरोबर आम्ही रस्त्यालगतच्या एका भंगाराच्या वखारींत तासभर उभे होतों. दोन तरुण मुलें एक पांढरी गाडी मोडीत होतीं. बॅटरी सर्वांत आधीं निघाली, कारण शिशास भाव चांगला. मग चाकें, मग इंजिन. तेल खालीं मातींत गेलें. माती आधींच इतकी काळी होती कीं नवा डाग दिसलाहि नाहीं. तारांचा झुबका एका बाजूस टाकला. संध्याकाळीं तो पेटवितात, वरचें आवरण जळून जातें व तांबें मोकळें होतें. थंड हवेच्या यंत्राची नळी कापली तेव्हां फुस्स असा आवाज झाला आणि कोणीं मान वर करूनहि पाहिलें नाहीं. हातांत मोजे कोणाच्याच नव्हते. वखारीचे मालक मोठे सालस. आम्हांस खुर्ची दिली, चहा दिला. आम्हीं या जळणाविषयीं विचारलें तेव्हां म्हणाले, “गुरुजी, ज्याला भाव आहे तें आम्ही एक तोळाभरसुद्धां फेकीत नाहीं. ज्याला भाव नाहीं त्याचें काय करावें, तें तुम्हीच सांगा.”

आम्हांपाशीं तत्काल उत्तर नव्हतें. परंतु जगांतील मोठमोठ्या सरकारांनीं गेल्या कांहीं दशकांत जे कायदे केले, ते या वखारवाल्याच्याच प्रश्नाचीं उत्तरें होत: ज्या भागास भाव नाहीं, त्याची विल्हेवाट कोणाच्या पैशानें लावावयाची?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्व देशास लागू असा एकच कायदा या बाबतींत नाहीं. तेथें बाजारावरच भिस्त. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन येथें प्रोलर बंधूंनीं गाड्यांचे तुकडे करणारें एक प्रचंड यंत्र उभें केलें. अशा यंत्रांत फिरणारे हातोडे अख्ख्या गाडीचे मुठीएवढे तुकडे एका मिनिटाच्या आंत करतात. लोहचुंबक त्यांतून लोखंड उचलून घेतो. आणि स्पंज, रबर, कांच, चिंध्या यांचा जो चिवडा उरतो, गाडीच्या वजनाचा पांचवा ते चौथा हिस्सा, तो बहुतांशीं खड्ड्यांत पुरतात. जुने सुटे भाग काढून विकण्याची पद्धति तेथें फार चांगली रुजली आहे, हें आवर्जून सांगितलें पाहिजे. पण 2009 सालीं मंदी हटविण्यासाठीं सरकारनें जुन्या गाडीच्या बदली नव्या गाडीवर पैसे देण्याची योजना काढली, तेव्हां सुमारें 6,77,000 गाड्या जमा झाल्या आणि नियमाप्रमाणें प्रत्येकीचें इंजिन कायमचें निकामी करावें लागलें. तें कसें? तेल काढून सोडियम सिलिकेटचें द्रावण भरावयाचें आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवावयाचें. उष्णतेनें आंत कांचेसारखा थर जमून इंजिन जागच्या जागीं आंवळलें जाई. हेतु समजण्यासारखा आहे, कीं धूर ओकणारें यंत्र पुन्हां रस्त्यावर येऊं नये. तरी चालतें इंजिन अशा रीतीनें मारून टाकणें आमच्या जुन्या मनास रुचत नाहीं, हें नमूद करून पुढें जातों.

युरोपांतील संघानें 18 सप्टेंबर 2000 रोजीं जो निर्देश काढला, त्याचें उत्तर सरळ आहे: ज्यानें गाडी केली, त्यानें तिच्या शेवटाचा भार उचलावा. शेवटच्या मालकानें गाडी अधिकृत ठिकाणीं नेऊन द्यावी. त्याबद्दल त्याच्याकडून कांहीं घेतलें जाणार नाहीं. गाडी मोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सरकारी वहींतून तिचें नांव निघणार नाहीं. 2006 पर्यंत गाडीच्या वजनापैकीं शेंकडा 85, आणि 2015 च्या आरंभापासून शेंकडा 95 भाग कोणत्या तरी रीतीनें परत उपयोगांत आलाच पाहिजे. शिवाय 1 जुलै 2003 नंतरच्या गाड्यांत, कांहीं अपवाद सोडून, शिसें, पारा, कॅडमियम व षट्संयुज क्रोमियम घालण्यास बंदी. म्हणजे मोडण्याचा विचार घडण्याच्या वेळींच करावयाचा. ही दृष्टि आम्हांस फार मोलाची वाटते. पण कायदा कितीहि नेटका असला तरी माणूस त्यांतून वाट काढतोच. तेथील आयोगाच्याच अंदाजानें दरवर्षीं सुमारें 35 लाख गाड्या कोठें गेल्या याचा पत्ताच लागत नाहीं. जुन्या गाड्या जहाजांत घालून गरीब देशांत पाठविण्याचा धंदाहि जोरांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-विभागाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणें 2015 ते 2018 या काळांत जगभर 1 कोटी 40 लाख जुन्या गाड्या निर्यात झाल्या आणि त्यांपैकीं शेंकडा 70 विकसनशील देशांत गेल्या. घरांतला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटण्याचाच हा प्रकार.

जपानची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. त्या देशाच्या अंतर्गत समुद्रांत तेशिमा नांवाचें एक लहानसें बेट आहे. 1978 मध्यें तेथें एका कंपनीनें गांडुळें पाळण्याच्या निमित्तानें परवाना मिळविला. प्रत्यक्षांत तिनें मोटारींच्या तुकड्यांचा तो निरुपयोगी चिवडा जहाजें भरभरून आणला, किनाऱ्यावर ओतला आणि उघड्यावर जाळला. बेटावरील लोक ओरडत राहिले. प्रांताचे अधिकारी त्यास अपाय नाहीं म्हणत राहिले. अखेर 1990 मध्यें शेजारच्या प्रांताच्या पोलिसांनीं छापा घातला तेव्हां धंदा थांबला, पण ढीग तेथेंच. गांवकऱ्यांनीं वर्षानुवर्षें दाद मागितली. 2000 सालीं तडजोड झाली, प्रांताच्या राज्यपालानें त्यांची क्षमा मागितली, आणि मग तो कचरा शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन जाळण्याचें काम सुरू झालें, तें 2017 पर्यंत चाललें. एकंदर कचरा निघाला सुमारें 9 लाख टन. मोडण्याच्या वेळीं वांचविलेला खर्च पुढें किती पटींनीं भरावा लागतो, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या अनुभवानंतर 2002 मध्यें जपाननें कायदा केला व 1 जानेवारी 2005 पासून तो अमलांत आणला. गाडी नवी घेतांनाच तिच्या मोडणीची रक्कम खरेदीदारानें भरून ठेवावयाची. गाडी दुसऱ्यास विकली तर ती ठेवहि तिच्याबरोबर जाते आणि नवा मालक ती पहिल्यास देतो. या पैशांतून तीन नकोशा वस्तूंची व्यवस्था लागते: थंड हवेचा वायु, फुगणाऱ्या पिशव्या, आणि तो चिवडा. भाव असलेल्या लोखंडास कायद्यानें हात लावलेला नाहीं. तें बाजार पाहून घेतो. जातकर्माच्या दिवशींच अंत्येष्टीचा खर्च बाजूस काढून ठेवावा अशी ही रीत ऐकून आपल्याकडील वृद्ध स्त्रिया कानांवर हात ठेवतील; पण वखारवाल्याच्या प्रश्नास सर्वांत नेमकें उत्तर हेंच आहे, असें आमचें मत झालें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांत कित्येक वर्षें या बाबतींत भंगारवाला हेंच खातें होतें. 13 ऑगस्ट 2021 रोजीं पंतप्रधानांनीं जुन्या वाहनांविषयींचें धोरण जाहीर रीतीनें सुरू केलें. 23 सप्टेंबर 2021 रोजीं वाहनें मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणें केंद्रानें गाडी घेतली कीं मालकास ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ म्हणजे ठेव-दाखला द्यावयाचा. तो दाखवून नवी गाडी घेतल्यास नोंदणीची फी माफ होते, आणि राज्य सरकारास खासगी गाडीच्या करांत शेंकडा 25 पर्यंत व व्यापारी गाडीच्या करांत 15 पर्यंत सूट देतां येते. केंद्रानें तेलें, वायु, बॅटरी हीं आधीं काढावयाचीं, मग गाडी कापावयाची. सरकारी कचेऱ्यांच्या 15 वर्षांवरील गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढें चालूच ठेवतां येत नाहीं. तेव्हां जिल्हाकचेरीपासून पंचायत समितीपर्यंतच्या जुन्या जीपगाड्यांसहि हाच मार्ग.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. 15 वर्षें झालीं कीं सरकार गाडी ओढून नेतें, ही समजूत महाराष्ट्रांत खोटी आहे. खासगी गाडीची तपासणी करून नोंदणी पांच वर्षांनीं वाढवून घेतां येते. मात्र 1 एप्रिल 2022 पासून मोटारीची ही फी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली, आणि 2025 मध्यें 20 वर्षांवरील मोटारीसाठीं ती 10,000 रुपये केली. वयाची सरसकट बंदी निघाली ती दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशांत. 2018 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें डिझेल 10 व पेट्रोल 15 वर्षें ही मर्यादा कायम केली, आणि 2025 मध्यें पुन्हां तींत फेरफार केला. तिकडच्या पुष्कळ गाड्या ना-हरकत पत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. युरोपानें आफ्रिकेशीं जें केलें तेंच, फक्त आगगाडीच्या अंतरावर.

कारखानदारांवर जबाबदारी टाकणारे नियम 6 जानेवारी 2025 रोजीं प्रसिद्ध होऊन 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले. 20 वर्षांपूर्वीं विकलेल्या खासगी गाड्यांत (व्यापारी गाड्यांच्या बाबतींत 15 वर्षांपूर्वींच्या) जितकें पोलाद होतें, त्याच्या शेंकडा 8 इतकें पोलाद परत मिळविल्याचे दाखले कारखानदारानें पहिलीं पांच वर्षें मोडणी-केंद्रांकडून घ्यावयाचे. पुढलीं पांच वर्षें 13, आणि 2035-36 पासून 18. आरंभ म्हणून हें स्वागतार्ह आहे, कारण यामुळें नोंदणीकृत केंद्राच्या गाठीं चार पैसे येतील व त्यास भंगारवाल्याशीं स्पर्धा करतां येईल. परंतु आमची शंका अशी, कीं युरोपानें संपूर्ण गाडीचें वजन धरलें, जपाननें नकोशा वस्तु धरल्या, आणि आपण मोजतों तें पोलाद. पोलाद तर कायदा नव्हता तेव्हांहि जालन्याच्या भट्ट्यांपर्यंत पोचतच होतें. त्यास कोणाच्या प्रोत्साहनाची गरज नव्हती. बॅटरी, तेल, वायु यांविषयींहि नियम आहेत, 2022 पासून बॅटऱ्यांचे तर स्वतंत्र नियम आहेत. पण टक्केवारीचें ओझें ज्या पारड्यांत घातलें, तें पारडें आधींच जड होतें. स्पंज व रबर अजून हलक्याच पारड्यांत.

हें सर्व दूरचें वाटत असेल तर दोन जवळच्या गोष्टी सांगतों. 2024 च्या ऑगस्टांत जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील एका पोलाद-कारखान्यांत स्फोट होऊन वीसांहून अधिक कामगार जखमी झाले. त्या विशिष्ट घटनेच्या कारणाविषयीं आम्ही बोलत नाहीं; पण बंद नळकांडें, गॅसची टांकी किंवा पाणी सांचलेला पोकळ भाग तापलेल्या रसांत पडला तर काय होतें, हें भट्टीवरचा प्रत्येक मनुष्य जाणतो, आणि या साऱ्या वस्तु मोटारींत असतात. दुसरी गोष्ट दिल्लीच्या मायापुरी पेठेची, जेथें गाड्या मोडण्याचा मोठा धंदा चाले. 2010 मध्यें दिल्ली विद्यापीठांतील एक जुनें प्रयोगयंत्र लिलावांत तेथें आलें. आंत काय आहे हें न कळतां तें फोडलें. त्यांतील किरणोत्सर्गी कोबाल्टनें एक मनुष्य दगावला व कित्येक रुग्णालयांत पडले. आणि शिशासंबंधीं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें 2020 मध्यें दिलेला आंकडा असा, कीं जगांतील दर तीन मुलांपैकीं एकाच्या रक्तांत चिंतेच्या मर्यादेवर शिसें आहे, आणि बॅटऱ्या उघड्यावर फोडणें हें त्याचें एक प्रमुख कारण आहे. त्या वखारींतलीं दोन मुलें आम्हांस अजून दिसतात.

अंबड तालुक्यांतील एका वाचक भगिनीनें या संबंधांतच एक व्यावहारिक प्रश्न विचारला आहे. मामंजींची मोटार त्यांच्या पश्चात् सहा वर्षें अंगणांत उभी आहे, आर.सी. पुस्तकावर अद्याप त्यांचेंच नांव. भंगारवाला केंद्रापेक्षां चार पैसे अधिक देतो आहे आणि भाऊजी म्हणतात, देऊन मोकळे व्हा. आमचें सांगणें असें, कीं देऊं नये. 2018 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे, कीं गाडी प्रत्यक्षांत दुसऱ्यास दिली असली तरी नोंदणी ज्याच्या नांवानें आहे तोच कायद्यानें मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईचें दायित्व त्याच्यावर. भंगार म्हणून गेलेली गाडी डागडुजी करून पुन्हां रस्त्यावर आली, तर पहिली नोटीस येणार ती तुमच्याच वाड्यावर. मालक निवर्तल्यास वारसानें तीस दिवसांत आर.टी.ओ.स कळवून तीन महिन्यांत नांव बदलून घ्यावें असा नियम आहे. तो काळ उलटला असला तरी मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद घेऊन कचेरींत जाणें हाच मार्ग. सर्व भावांची संमति एका कागदावर घेऊन ठेवावी, म्हणजे घरांत पुढें बोलाचाली नको. नोंदणीकृत केंद्रांची यादी सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर आहे. घरांतील महाविद्यालयांत जाणारें कोणीहि मूल ती काढून देईल. केंद्राकडून ठेव-दाखला व मागाहून मोडल्याचा दाखला, दोन्ही मागून घ्यावे. गाडी कायमची निरुपयोगी झाली असतां 14 दिवसांत आर.टी.ओ.स कळवून पुस्तक परत करावें, असें मोटार-वाहन कायद्याच्या 55 व्या कलमांत मुळापासूनच आहे, जरी त्याची आठवण फार थोड्यांस राहते.

केंद्रवाला इतके कागद मागतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांस आमची विनंति, कीं ही कटकट कांहीं इंग्रजांनीं आणलेली नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील कण्टकशोधन नांवाच्या अधिकरणांत बाजाराच्या अध्यक्षास सांगितलें आहे, कीं जुन्या मालाची विक्री किंवा गहाणवट ज्याची मालकी निर्विवाद शाबीत होईल त्यासच करूं द्यावी. आजच्या नियमांतहि गाडी मोडण्यापूर्वीं ती चोरीची नाहीं ना, हें पोलिसी नोंदींत पडताळून पाहण्याचें बंधन केंद्रावर घातलें आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या अमात्यास मोटार ठाऊक नव्हती, मोडीचा व्यापार चांगला ठाऊक होता.

राहतां राहिला ट्रॅक्टर. आमच्या भोकरदन, मंठा, परतूर या तालुक्यांत मोटारींपेक्षां ट्रॅक्टरांचीच मोड अधिक दृष्टीस पडते. 2025 च्या नियमांतून शेतीचे ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या, कापणी-मळणीचीं यंत्रें व पॉवर टिलर वगळलेले आहेत. त्यांच्या बाबतींत या नियमांची जबाबदारी कारखानदारावर नाहीं. शेतकऱ्यावर नवा भार नको, हा त्यांतील विचार आम्हांस मान्य आहे. पण ट्रॅक्टरांतहि तेल आहे, बॅटरी आहे, तारा आहेत. जुना ट्रॅक्टर काढतांना आपल्या घरीं काय व्यवस्था केली, बॅटरी कोणास दिली व तेल कोठें गेलें, हें ग्रामीण वाचकांनीं कळविल्यास त्यावर स्वतंत्र लिहितां येईल.